ट्रंकेवरच्या सात वाकळा

माझी आई पंधरा किलोनं हलकी झाली आणि त्यानंतर तिला जमिनीवरून उठवायला दोन बायका लागायला लागल्या.

शहाण्णव किलोची होती तेव्हा ती एकटी उठायची. गुडघ्यावर हात, तोंडानं "आयायाया", आणि उभी. सकाळ-संध्याकाळ म्हशीखाली उकिडवी बसायची, धार काढायची, भरलेली चरवी एका हातात घेऊन उठायची. गुडघे दुखायचे, रक्तात साखर होती, जिना चढताना धाप लागायची. हे सगळं खरं. वजन कमी व्हायला हवं होतं हेही खरं. ते कसं कमी करायचं हे मात्र मी ठरवलं, आणि मी गाढव होते.

मी पत्रकं लिहिते. साताऱ्यात एका छोट्या संस्थेत कामाला आहे. तंबाखू, हुंडा, दारू, लोह कमी पडणं, जो विषय येईल त्याचं एक पान. वर ठळक ओळ, खाली पाच मुद्दे, शेवटी उद्गारचिन्ह. वाचणाऱ्याच्या मनात शंका येईल असं काही ठेवायचं नाही, ही पहिली शिस्त. माझ्या मसुद्यात 'पण' आला की मी तो खोडायचे. लठ्ठपणावरचं पान मी अर्ध्या तासात लिहिलं होतं. कमी खा. रात्रीचं जेवण सोडा. तेल-तूप-दूध बंद. रोज चाला. दर आठवड्याला वजन करा. झालं. पाच मुद्दे, एक उद्गारचिन्ह.

आणि आषाढात मी कुंडलला, आमच्या गावात, वजन घटवा स्पर्धा लावली.

रेशन दुकानातला पोती मोजायचा काटा आणला. चाळीसेक बायका ओळीत. लय हसलो त्या दिवशी. शेजारची वैनी काट्यावर चढायच्या आधी दोन तांबे पाणी प्याली आणि वरनं दुकानदाराला म्हणाली, "आवं, दोन किलो जास्तच धरा की आत्ता. मागनं घटलेलं दिसाय नगं?" सगळ्या खिदळल्या. कोपऱ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, हाताची घडी घालून उभे होते. फौजेतनं पेन्शनवर आलेला माणूस, गंमतसुद्धा हुकूम दिल्यासारखी करतो. म्हणाले, "उसाचं वजन घटलं की आमी कारखान्यावर जाऊन बोंबलतो. आन् हितं घटवायला बक्षीस!"

मी माईकवरूनच त्यांना टोला दिला, "अण्णा, बाई म्हणजे ऊस न्हाई." टाळ्या पडल्या. मला वाटलं, काय बोलले मी!

आई ह्या स्पर्धेत का उतरली ते मला माहीत आहे. गुडघ्यांसाठी नाही, साखरेसाठीही नाही. वैनीला ती म्हणताना मी ऐकलंय, "माझी पोरगी मायकावर बोलती, आन् मी मागं ऱ्हाऊ व्हय?"

आमच्याकडे वजन कमी करायचा एकच रस्ता बायकांना ठाऊक असतो. तो देवघरातून जातो. सोमवार होताच. गुरुवार धरला. चतुर्थी, एकादशी होत्याच. श्रावणात शनिवारही धरला. उपासाला बिनदुधाचा चहा आणि वाटीभर साबुदाणा. उरलेल्या दिवशी दुपारी एक भाकरी आणि भाजीचं पाणी, रात्री काही नाही. डाळ? पातेल्याच्या तळाला उरली तर. अंडी चातुर्मासात वर्ज्य. आणि दूध? घरात रोज नऊ लिटर दूध निघत होतं. नऊ! पहाटेचं आणि संध्याकाळचं, सगळं डेअरीला. अण्णांच्या चहापुरतं बाजूला. ज्या बाईच्या हाताशिवाय म्हैस पान्हा सोडत नव्हती, त्या बाईच्या पोटात त्या चार महिन्यांत दुधाचा थेंब गेला नसेल. कारण पत्रकात लिहिलं होतं: दूध बंद. कोणी लिहिलं होतं? मी.

संध्याकाळी ती रस्त्यानं चालायची. वाटेत बायका विचारायच्या, "किती गेलं गं?" कुणी मयत झाल्यासारखं. "बारा गेलं." "तेरा गेलं." गालफडं बसली, दंडाची कातडी लोंबायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी साताऱ्याहून फोन करायचे आणि पहिला प्रश्न तोच विचारायचे. ती कशी आहे, हे मी त्या चार महिन्यांत एकदाही विचारलं नाही. किती गेलं, एवढंच विचारलं.

नवरात्रात मांडवात सत्कार झाला. पहिला नंबर, पंधरा किलो. व्यासपीठाला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर तिनं माझा खांदा धरला, दुसरीवर असा आवळला की खांद्यावर वळ उठला, आणि तिसरीवर ती थांबली. डोळ्यांत पाणी. खाली बायका म्हणाल्या, भरून आलं बघा तिला. मीही तेच समजले. पायरी चढता येत नाही म्हणून माणूस रडतं, हे माझ्या कुठल्याच मुद्द्यात नव्हतं.

त्या फोटोचं मी नवं पत्रक काढलं. आईच्या हातात बक्षिसाचा कुकर, गळ्यात हार. वर ओळ: 'माझ्या आईनं करून दाखवलं. तुम्ही कधी?' खाली माझा मोबाइल नंबर. दोन हजार प्रती. साताऱ्यात वाटल्या, कराडात वाटल्या, सांगलीत विश्रामबागेत दवाखान्यादवाखान्यांत मी स्वतः ठेवून आले.

दिवाळीला घरी गेले. उजाडायच्या वेळी मी चुलीपुढं बसून फोनवर कुठलातरी मसुदा दुरुस्त करत होते. गोठ्यातून चरवी लवंडल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज, ओरडणं नव्हे, नुसतं विचारल्यासारखं, "आगं, कुणी हाय का?"

ती म्हशीच्या पायाशी कुशीवर पडली होती. धार काढून झाली होती. ती उठायला गेली आणि पाय आलेच नाहीत. हे तिचेच शब्द. "पाय आलंच न्हाईत गं." म्हैस अंग चोरून भिंतीला लागून उभी होती, पाय न हलवता. ते जनावर आमच्यापेक्षा शहाणं.

मी काखेत हात घालून ओढलं. आई हलेना. वैनी धावत आली, दोघींनी मिळून उचललं, आणि तेव्हा मला ते कळलं. जडपणा. माणूस स्वतः थोडा जोर लावतं तेव्हा उचलणं वेगळं असतं. आईकडून कसलाच जोर येत नव्हता. एक्क्याऐंशी किलोचं ओझं नुसतं आमच्या हातात लोंबत होतं. वैनी धापा टाकत म्हणाली, "पंधरा किलो गेलं म्हनं! कुठनं गेलं मग?"

प्रश्न बरोबर होता. चार महिन्यांत एवढाच एक प्रश्न बरोबर होता, आणि तो पाणी पिऊन काट्यावर चढलेल्या बाईनं विचारला.

हाड मोडलं नव्हतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते विसरायचं ठरवलं. मी आईला बळंच विश्रामबागेत एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी काटा काढलाच नाही. एक साधी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, हात छातीवर. हात न लावता उठा, बसा, उठा, बसा. अर्धा मिनिट. मी मोजते."

आई दोनदा उठली. तिसऱ्यांदा कंबर खुर्चीवरून सुटली आणि परत आपटली. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं पोरगं परीक्षेत नापास झालं की बघतं.

मग बाईंनी खायचं विचारलं. आईनं अभिमानानं सगळे वार सांगितले. बाईंनी ऐकून घेतलं आणि आईच्या मांडीवर हात ठेवला. "काकू, चरबी गेली, ते चांगलं झालं. पण तिच्याबरोबर मांसही गेलंय. तुम्ही शरीराला खायला काही दिलं नाही, कामाला काही लावलं नाही, मग त्यानं मांडी खाल्ली. चालणं चांगलं, पण चालून मांडी टिकत नाही. तिला ओझं द्यावं लागतं. आणि तिला खायला लागतं. दर जेवणात डाळ, दूध, दही, अंडं, काहीतरी. वजन आणखी कमी करायचंय, पण सावकाश." मला म्हणाल्या, "किडनीची तपासणी एकदा करून घ्या, मग खाणं वाढवू."

एवढ्याशा बोलण्यात तीन 'पण'. मी खोडलेले सगळे.

आम्ही बाहेर आलो आणि तिथं बाकड्यावर एक जाडशी बाई बसली होती, तिशीतली. तिच्या हातात माझं पत्रक. तिनं फोटोकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आवं, ह्या तुमीच की! मावशी, खरंच पंधरा किलो? काय केलंसा काय?" शिरवळला कंपनीत कामाला, माहेरी आलेली, उभ्यानं आठ तास काम, टाचा दुखतात, सगळं तिनं एका दमात सांगितलं.

आईला नुकतंच आत कळलं होतं की तिनं काय घालवलंय. तिचा हात माझ्या खांद्यावर होता कारण त्याशिवाय ती उभी राहू शकत नव्हती. आणि आई हसून म्हणाली, "काय न्हाई बाय. नुसतं उपास. मनावर घ्याचं."

मी गप्प राहिले. मी, जी अण्णांना चारचौघांत माईकवरून गप्प करते. दोन पावलांवर ती बाई, आणि मी पायानं चपला शोधत राहिले. बाईनं पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं.

घरी आल्यावर खरं युद्ध सुरू झालं. अण्णांची फौजेतली काळी ट्रंक भिंतीला लावली आणि तिच्यावर सात वाकळा घडी करून रचल्या. सात वाकळांच्या उंचीवरून आईला हात न लावता उठता येत होतं. हिशोब सरळ: दहा वेळा उठायचं, दम खायचा, परत दहा, परत दहा. एका दिवसाआड. जमायला लागलं की एक वाकळ काढायची. सगळ्या निघाल्या की नुसती ट्रंक, आणि ट्रंकेनंतर म्हशीखालची बैठक.

व्यायामावरून भांडण नाही झालं. भांडण झालं एक लिटर दुधावरून.

"डेअरीचं माप कमी पडंल," अण्णा म्हणाले.

"पडू दे. अण्णा, फौजेत तुमाला सकाळी काय मिळायचं?"

"दूध. दोन अंडी. केळं." ते सवयीनं सांगून गेले. "मग पीटी."

"आन् हिला?"

"ती फौज हुती, आगं."

"आन् ही कोण हाय? पहाटे चारला उठती, सगळ्यांच्या मागनं जेवती, पातेल्याचा तळ खाती. ही कुठल्या पलटणीत हाय?"

ते उठून शेतात गेले. दुसऱ्या दिवशी डेअरीच्या किटलीच्या बाजूला एक तांब्या झाकून ठेवलेला होता. आमच्याकडे माफी अशीच, झाकून ठेवतात.

आई मात्र उपासांना हात लावू देईना. मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर आलेले. मी संतापले, मग डोकं चालवलं. उपासाला दूध चालतं. दही चालतं. शेंगदाणे चालतात. पिढ्यान्पिढ्या चालतायत! मग बायकांच्या ताटात फक्त साबुदाणा कुणी ठेवला? देवानं? देवानं दूध डेअरीला घाल म्हणून सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी आईनं वाटीभर दही आणि मूठभर भाजके शेंगदाणे खाल्ले आणि खाताना दोनदा देवघराकडे बघितलं, चोरी केल्यासारखं. इतर दिवशी मोडाची मटकी, घट्ट डाळ, चातुर्मास सरला होता म्हणून अंडी. पहिलं अंडं तिनं अण्णांच्या ताटात सरकवलं. अण्णांनी परत सरकवलं. "खा. हुकूम हाय."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तीन वाकळा निघाल्या. मी दर शनिवारी साताऱ्याहून यायचे. बसमध्ये देवाला न मानणारी मी देवाशी भांडत यायचे, एक तरी काढ, एक तरी काढ. चौथ्या वाकळेवर आई अडली. महिना गेला, चौथी निघेना. तिचे पाय लटलटायचे, दात आवळायची, कंबर सुटायची आणि परत बसायची. "जाऊ दे गं," म्हणायची. "गेलेलं मांस काय परत येतं व्हय?" मी म्हणायचे येतं. बाईंनी सांगितलंय, येतं, सावकाश येतं. आणि आत मला धडकी भरायची, कारण सावकाश म्हणजे किती हे मला माहीत नव्हतं आणि आमच्याकडे मुदत होती.

मुदत म्हशीची. आई पडल्यापासून धार अण्णा काढत होते, आणि त्यांच्या हाताला ती पान्हा सोडेना. लाथ मारायची, दूध चढवायची. नऊ लिटरचे चारावर आली, त्यातही कासेला सूज. अण्णा म्हणाले, जनावराचे हाल बघवत नाहीत, संक्रांतीला गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू. आईच्या माहेरहून रेडकू म्हणून आलेली ती म्हैस. घरात आईचं म्हणावं असं तेवढंच होतं. आई म्हणाली, "संक्रांतीपत्तुर थांबा. मी बसती तिच्याखाली."

संक्रांतीच्या सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी ती गोठ्यात गेली. मला म्हणाली, हात लावायचा न्हाई. गव्हाण धरून खाली उतरली. म्हशीनं मागं वळून तिला हुंगलं आणि आई कासेला हात लावते न लावते तोच पान्हा सोडला. चरवीत धार वाजायला लागली. दोन महिन्यांत तसा आवाज आम्ही ऐकला नव्हता. अण्णा दारात आले आणि तिथंच थांबले.

चरवी भरली. आईनं ती बाजूला सरकवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जोर केला. कंबर चार बोटं उचलली. पाय थरथरायला लागले. आणखी दोन बोटं. मी मुठी आवळून ट्रंकेवरचे आकडे मनात ओरडत होते. मग ती हळूच परत खाली बसली. पडली नाही. बसली. आणि आमच्या कुणाकडे न बघता म्हशीच्या पायावर कपाळ टेकून म्हणाली, "द्या. न्या म्हनावं."

म्हैस गेली. गाडीत चढताना तिनं त्रास दिला नाही, हेच जास्त लागलं.

मला वाटलं आता संपलं. ट्रंकेवरच्या वाकळा उचलून मी आत ठेवायला निघाले, तर आई खेकसली, "ठेव तितंच."

"आता कशाला, आई? म्हैस गेली."

"म्हैस गेली. मला संडासला बसाया लागतंय का न्हाई? का तिथं बी दोघी येनार हाताला धरून?"

मी हसायला लागले आणि मला रडू आवरेना. आई नाही हसली. ती खरंच घाबरली होती. म्हशीपायी नव्हे, उरलेल्या आयुष्यापायी.

परवा शनिवारी फोन आला. अनोळखी नंबर. "ताई, मी शिरवळनं बोलती. विश्रामबागेत भेटलो न्हाई का आपण? अकरा किलो गेलं की ओ माझं! रात्रीचं बंद, दूध बंद. लय हलकं वाटतंय. कधी कधी कामावर गरगरतं, पाय गळाल्यागत हुतात, पण ते व्हायचंच म्हना."

आई समोर ट्रंकेवर बसलेली, चार वाकळांवर. मी म्हणाले, "ताई, खुर्चीवर बसा. आत्ता. हात छातीवर घ्या आणि हात न लावता उठा."

"का ओ?"

"उठा तर."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा. मग परत. मग नुसता श्वास. मग तिचा आवाज, बदललेला, "ताई, काय झालंय मला?"

माझ्याजवळ या वेळी पाच मुद्दे नव्हते, ओळ नव्हती. आईनं हात पुढं करून फोन घेतला.

"बाय," ती म्हणाली, "त्या दिवशी मी खोटं बोलले. माझा हात पोरीच्या खांद्यावर का हुता, इचारलं न्हाईस तू. मला उभं ऱ्हाता येत नव्हतं." थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "न्हाई, अजून न्हाई येत. चार वाकळंवर अडलीया. रोज रडती. पर दूध सोडू नगंस. डाळ सोडू नगंस. आधी त्या बाईकडं जा परत, आन् खुर्ची आन् तू. ऐक, मी करून दावती, तू मोज."

तिनं फोन वाकळेवर ठेवला, हात छातीवर घेतले. मी सवयीनं पुढं झाले. तिनं माझा हात फटकन उडवला.

"मोजू दे तिला," म्हणाली, आणि फोनमधून शिरवळहून तो बारीक आवाज मोजायला लागला.